विटा फ्रीझरमध्ये: चोवीस फेऱ्यांनंतर

थंडीने वीट कशी फुटते ते घरच्या फ्रीझरमध्ये बघतोय. पहिल्या सात फेऱ्या वाया गेल्या. चूक माझीच. विटा भिजवायच्या, रात्रभर उणे १८ अंशांत ठेवायच्या, सकाळी टेबलावर वितळू द्यायच्या आणि संध्याकाळी परत आत, असा क्रम लावला होता. आठवडाभरात एकीलाही चरा पडला नाही. "थंडीने वीट फुटते हे उगाच" असं लिहून मोकळा होणार होतो, तेवढ्यात वजन करायची बुद्धी झाली. भिजवून काढली तेव्हा पहिली वीट ३०४० ग्रॅम होती, सातव्या फेरीनंतर २८८५. दीडशे ग्रॅम पाणी गेलं कुठे? थोडं टेबलावर, बाकीचं फ्रीझरने खाल्लं. बर्फ न साचणाऱ्या फ्रीझरमध्ये पंख्यामुळे हवा कोरडी राहते आणि त्या हवेत विटेतला बर्फ थेट वाफ होऊन उडतो. म्हणजे मी विटा वाळवत बसलो होतो.

आता प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून गोठवतो आणि पाण्याच्या बादलीत वितळवतो. मोजणी पुन्हा एकपासून. पुढे येणाऱ्या फेऱ्या या नव्या मोजणीतल्या. फ्रीझरचा खालचा खण माझा, बाकी घरच्यांचा, असा तह झाला आहे.

विटा तीन. पहिली हाताने थापलेली, कमी भाजलेली, नखाने ओरखडली तरी लाल भुकटी येते. दुसरी यंत्रातली, गुळगुळीत, जड. तिसरी जुनी, खडबडीत, पण चांगली भाजलेली. एक खंगरही, म्हणजे अति भाजून काचेसारखी झालेली वीट, आणली होती, पण ती पाणीच पीत नाही, त्यामुळे तिच्यात मजा नाही.

प्रत्येकीची तीन वजनं घेतली: सुकवून, २४ तास गार पाण्यात बुडवून, आणि ५ तास उकळून त्याच पाण्यात निवू देऊन. उकळताना छिद्रांतली हवा निघून जाते आणि एरवी पाणी पोचत नाही तिथेही ते पोचतं. गार पाण्यात प्यायलेलं पाणी भागिले उकळून प्यायलेलं पाणी, हा आकडा १ च्या जितका जवळ तितकी आत मोकळी जागा कमी. पहिली ४०० आणि ४६० ग्रॅम, म्हणजे ०.८७. दुसरी २६४ आणि ३५२, म्हणजे ०.७५. तिसरी ४०८ आणि ५६०, म्हणजे ०.७३. अमेरिकेच्या एएसटीएम मानकात कडक थंडी सोसणाऱ्या विटांसाठी पाच नगांची सरासरी ०.७८ च्या वर चालत नाही.

तिसरीकडे बघा. सर्वांत जास्त पाणी पिणारी तीच. पैज लावली असती तर मी तिच्याच विरुद्ध लावली असती.

अकराव्या फेरीपर्यंत डोळ्यांना काहीच दिसलं नाही, पण कानाला कळलं. प्रत्येक फेरीनंतर वीट दोन बोटांवर तोलून छोट्या हातोडीने वाजवतो. पहिली दहाव्या फेरीपर्यंत टणटण बोलत होती, अकराव्यात आवाज बद्द झाला. चौदाव्यात कडेला केसाएवढी रेघ. एकोणिसाव्यात प्लास्टिक सोडलं तर तळहाताएवढा ढलपा प्लास्टिकलाच चिकटून आला, जाडी जेमतेम ४ मिलिमीटर. विटेच्या उघड्या अंगावर बर्फाचे पातळ पापुद्रे होते, एकावर एक, सगळे पृष्ठभागाला समांतर, पत्त्यांच्या कॅटसारखे. भिंगाखाली धरले तोवर दोन मिनिटांत विरघळले. फोटो हुकला, याची चुटपुट अजून आहे.

ते पापुद्रे बघून माझा एक समज गेला. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, त्यामुळे वीट फुटते, एवढंच मी मानत होतो. त्या हिशेबाने बंद छिद्र ९१.७ टक्क्यांपर्यंत भरलेलं असलं तरी बर्फ मावायला हवा, आणि पहिली वीट तर ८७ वर होती. पण ८७ ही सरासरी. सालीजवळची छिद्रं काठोकाठ भरलेली असू शकतात आणि पोटात हवा राहते. त्यातून फ्रीझरमध्ये वीट सहाही बाजूंनी गोठते, बाहेरचं कवच आधी बंद होतं आणि उरलेलं पाणी आत रेटलं जातं. काँक्रीटबाबत अमेरिकी संशोधक पॉवर्सने १९४५ मध्ये याच रेट्याचं गणित मांडलं होतं.

पण पापुद्रे रेट्याने होत नाहीत, ते ओढीने होतात. अमेरिकी भूवैज्ञानिक स्टीफन टेबरने १९३० च्या आसपास मातीवर केलेला प्रयोग मला यातला सर्वांत सुंदर वाटतो. त्याने पाण्याऐवजी बेंझीन वापरलं. ते गोठताना फुगत नाही, आकसतं. तरीही माती वर उचलली गेली! अगदी बारीक छिद्रांतलं पाणी शून्याखाली बरंच उतरूनही द्रव राहतं, आणि शेजारी बर्फाचा कण तयार झाला की ते त्याच्याकडे खेचलं जातं. कण पोसत जातो, पापुद्रा होतो, विटेला आतून उचकटतो. पाणी मिळत राहील तोवर हे चालतं.

तिसरीचं कोडंही मग सुटतं. भाजणी चांगली झाली की बारीक छिद्रं मिळून मोठी होतात. ३ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठी छिद्रं जास्त असलेल्या विटा थंडीत टिकतात, असं अभ्यासांत आढळलं आहे. मोठ्या छिद्रातलं पाणी लवकर निचरतं, आणि बर्फाला सरकायला जागा उरते. चोवीस फेऱ्यांनंतर तिसरीचे एका कोपऱ्याचे चार कण सुटले, बस. दुसरी जशीच्या तशी. पहिलीचा कचरा गाळून सुकवून तोलला: ६१ ग्रॅम.

दर्जांचं, म्हणजे विटांमधल्या सांध्यांचं, काम मात्र रखडलं. पहिलीसारख्याच विटांचे दोन छोटे खांब बांधले, एकाच्या दर्जा चुन्याच्या, दुसऱ्याच्या सिमेंटच्या, दोन्हींत एकास तीन वाळू. दोन्ही खांब सोडियम सल्फेटच्या पातळ द्रावणात उभे आहेत. हे क्षार मुद्दाम घेतले. स्फटिक होताना ते पाण्याचे दहा रेणू धरून फुगतात, म्हणून १८२० च्या दशकात फ्रेंच खनिजतज्ज्ञ ब्रार्डने दगडाची थंडी सोसायची ताकद जोखायला हिमाऐवजी हेच वापरलं होतं. तीन आठवड्यांत चुन्याच्या खांबाला लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, दर्जांवर आला आणि चुना थोडा भुगभुगीत झाला. सिमेंटच्या खांबाला दर्जा कोरड्या ठणठणीत, आणि लोणा विटेवर, बरोबर दर्जेच्या कडेने, पांढऱ्या चौकटीसारखा. ओलीला बाहेर पडायला विटेखेरीज वाट नाही. जुन्या भिंतींत विटा खोल झिजलेल्या आणि सिमेंटच्या दर्जा जाळीसारख्या पुढे आलेल्या दिसतात, त्या इथूनच सुरू होत असणार. चुन्याची दर्ज खरवडून पुन्हा भरता येते, वीट कशी भरणार?

सिलिकॉनसारखा पाणीरोधक लेप लावून बघायचा मोह मी टाळला आहे. तो पुढून पाणी अडवतो हे खरं, पण मागून किंवा जोत्यातून चढलेली ओल मग द्रवरूपात पृष्ठभागापर्यंत येऊच शकत नाही, वाफ होऊनच निघावी लागते, आणि त्याला फार वेळ लागतो. तोवर थंडी आली की संपलं. कधीतरी चौथ्या विटेवर करेन.

सध्याची माझी खरी अडचण वेगळी आहे. भिंतीतली वीट सहा बाजूंनी गोठत नाही, एकाच बाजूने गोठते. युरोपच्या चाचणीतही भिंतीचा तुकडा एका अंगाने गोठवतात आणि १०० फेऱ्या करतात. माझी पद्धत त्यामानाने क्रूर आहे. म्हणून पहिलीच्या जोडीची वीट पाच बाजूंनी थर्माकोलमध्ये बसवली आहे, तोंड तेवढं उघडं, वर प्लास्टिकचा पातळ थर. मधोमध ६ मिलिमीटरचं भोक पाडून तापमापी खुपसली. पहिल्याच रात्री पारा उणे ३ पर्यंत उतरला, मग एकदम उणे अर्ध्यावर उसळला आणि तिथेच अडीच तास बसून राहिला. गोठताना पाणी सोडतं ती उष्णता! आज सहावी फेरी. आवाज अजून टणटणीत आहे.