एम-थ्री अवघड की अ‍ॅनालिसिस?

आमच्या घरात एक भांडण मिटता मिटत नाही. कॅल्क्युलस कुणाचं जास्त अवघड, माझं बीएस्सीचं (अ‍ॅनालिसिस, म्हणजे प्रत्येक पाऊल सिद्ध करून मांडलेलं कॅल्क्युलस) की धाकट्या भावाचं इंजिनिअरिंगचं (एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर)? आईला विचारलं तर ती म्हणते, जो लवकर झोपतो त्याचं सोपं.

मी पूर्ण्याहून नांदेडला अप-डाऊन करून बीएस्सी मॅथ्स केलं. बारावीला ‘एक्स दोनकडे जाताना एक्स स्क्वेअरची लिमिट काढा’ म्हटलं की दोन टाकायचे, चार लिहायचे, पुढचं गणित. बीएस्सीला सरांनी तेच फळ्यावर लिहिलं आणि म्हणाले, सिद्ध करा. आम्ही हसलो. मग फळा भरत गेला. एप्सिलॉन दिलाय, म्हणजे उत्तर चारच्या किती जवळ हवं ते; डेल्टा शोधा, म्हणजे त्यासाठी एक्स दोनच्या किती जवळ ठेवायचा ते. एक्स आणि दोन यांच्यातलं अंतर एकापेक्षा कमी ठेवलं की एक्स अधिक दोन पाचाच्या आत राहतं. म्हणून एक आणि एप्सिलॉन भागिले पाच, यांतला जो लहान तो डेल्टा. सगळ्यांनी उतरवून घेतलं, कळलं कुणालाच नाही. ते पाच आले कुठून, हे माझ्या डोक्यात शिरायला दिवाळी उजाडली, तेही लिंबगावला पॅसेंजर उगाच उभी होती तेव्हा.

पुढं वाचलं की न्यूटन आणि लाइबनिझ यांनी कॅल्क्युलस सतराव्या शतकातच उभं केलं होतं. लिमिटची भाषा मात्र पक्की व्हायला १८२१ सालचं कोशी या फ्रेंच गणितज्ञाचं पुस्तक आणि त्याच्याही पुढं वायरश्ट्रास हा जर्मन गणितज्ञ यावा लागला. म्हणजे दीडशे वर्षं मोठमोठी माणसंसुद्धा दोन टाकून चारच लिहीत होती. त्या मानानं माझी दिवाळी बरी म्हणायची.

धाकट्याचं दुखणं वेगळं. तो मेकॅनिकलचा डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला गेला. एम-वन, एम-टू न करता पहिल्याच सेमला एम-थ्री. त्यानं शेवटचं इंटिग्रेशन केलेलं दोन वर्षांपूर्वी, आणि एम-थ्रीतल्या लाप्लासमध्ये (इंटिग्रेशन करून फंक्शनचं रूप बदलायची रीत) पानोपानी बाय पार्ट्स आणि पार्शल फ्रॅक्शन (मोठ्या अपूर्णांकाचे छोटे तुकडे). हे पोरांना येतंच असं धरून तास पुढं पळतो. केटी लागली, म्हणजे विषय राहिला. त्याचा पेपर डोळ्यांपुढं आणला तर लाप्लास बरोबर घेतलेलं, इन्व्हर्सचा फॉर्म्युलाही पाठ, आणि गाडी अडायची ती पार्शल फ्रॅक्शनच्या ए, बी, सीपाशी. उन्हाळ्यात दीड महिना मी त्याला एम-थ्री शिकवलंच नाही. बारावीचं पुस्तक काढलं. “ताई, हे तर पोरांचं हाय,” म्हणून कुरकुरला. म्हटलं, “पोरांचंच येईना म्हणून तर बसलाव.”

त्याच सुमारास शेजारची पोरगी एम-वन घेऊन यायची. तिला वाटायचं सगळ्यात अवघड तिचंच, आणि एका गणितापुरतं ते खरंही होतं. डबल इंटिग्रल, आत ई रेज टू वाय स्क्वेअर, आधी वायनं करायचं. एक्सपासून एकपर्यंत वाय, शून्यापासून एकपर्यंत एक्स. तासभर झटापट. अहो, ते त्या वाटेनं सुटतच नाही. त्रिकोण काढला, आधी एक्सनं केलं, तर आत एक वाय आपसूक येतो आणि दोन ओळींत उत्तर, ई वजा एक, त्या सगळ्याला भागिले दोन. आकृती न काढता इंटिग्रलच्या लिमिट (कुठून कुठपर्यंत) बदलायला जाणाऱ्यांचं एम-वनमध्ये हमखास हसं होतं.

माझ्या मते एम-थ्री मागची उधारी मागतो. उधारी फेडली की तो गरीब आहे, मागचे पाच पेपर सोडवा, गणितं ओळखीची दिसायला लागतात. अ‍ॅनालिसिसला उधारी नाही, बेरीज-वजाबाकी आणि लहान-मोठं कळलं की भागतं, तरी तेच अवघड. (पाठ करून पास होता येतं. मीही दोन थिअरम तशीच टाकून आलेय.)

धाकट्याचा एम-थ्री हिवाळ्यात निघाला. त्याआधी, पेपरच्या आदल्या रात्री त्यानं एकच खरा प्रश्न विचारला होता. डेरिव्हेटिव्हचं लाप्लास काढताना इन्फिनिटीची टर्म आपण झिरो म्हणून सोडून देतो, ती झिरो काहून होती? मला इतका आनंद झाला की मी उठून ट्रंकेतून अ‍ॅनालिसिसची जुनी वही काढली. त्यानं एक पान वाचलं.

“पेपरात येत नाही ना हे?”

“नाही.”

“मग राहू दे, ताई.”