सोंड आणि सोंग

गुलाबाच्या पानांच्या कडा कुणीतरी कुरतडल्या होत्या. मधोमध जाळी नाही, अळीची विष्ठा नाही; नुसते कडेकडेनं अर्धगोल चावे. दिवसा झाड उलटंपालटं करून पाहिलं, कुणी सापडेना. शेवटी रात्री दहानंतर टॉर्च घेऊन गेले. पानाच्या काठाला पाय रोवून एक राखाडी भुंगा निवांत चरत होता. लांबी जेमतेम 8 मिलिमीटर, तोंडाला आखूड, जाडसर सोंड. चिमटीत धरायला गेले आणि पठ्ठ्या टपकन खाली पडला, पाय पोटाशी घेऊन, साफ मेलेला.

पठ्ठ्या कसला, पठ्ठीच! फुलरचा गुलाब-भुंगा म्हणून ओळखली जाणारी ही जात मूळची दक्षिण अमेरिकेतली, धान्यातल्या सोंड्यांची लांबची भावकी. हिच्यात नर नसतातच म्हटलं तरी चालेल. मादी एकटीच अंडी घालते आणि निघतात त्याही मुलीच. म्हणजे बागेत एक शिरली की वंश मार्गी लागला. त्यातून पाठीवरची कवचं एकमेकांना जुळलेली, त्यामुळे उडणं नाही. पायी चालत शेंड्यापर्यंत जायचं. लेकी मातीत, मुळं खात वाढणार. वर आई, खाली पोरं, मध्ये बिचारा गुलाब.

उत्तर अमेरिकेतला हिचा एक तांबडा नातेवाईक मात्र थेट कळीलाच भिडतो. लांब काळ्या सोंडेनं मिटलेल्या कळीला भोक पाडतो. घडी घातलेल्या कागदाला टोचावं तसं ते एक भोक फूल उमलल्यावर कितीतरी पाकळ्यांवर उमटतं. पांढऱ्या-पिवळ्या गुलाबांवर त्याचा विशेष डोळा. त्यामानानं माझी पाहुणी परवडली म्हणायची.

उपाय साधा आहे: रात्री वेचून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटायच्या, म्हणजे वर चढायचे जिने तरी कमी होतात. भांडं घेऊनच गेले होते मी. पण समोर मढं पडलेलं, त्याला आणखी काय मारायचं? तरी म्हटलं, बघू कोण आधी कंटाळतं. टॉर्च विझवला, शंभरपर्यंत आकडे मोजले.

टॉर्च लावला तर मढं जागेवर नव्हतं.