तुम्ही विचारलंत म्हणून: हंगेरी मंगोलांपुढे टिकली कशी?

"खान मेला म्हणून मंगोल परत गेले, नाहीतर हंगेरीचं काय खरं होतं?" हे आम्हाला कायम विचारलं जातं. ओगदेई खान डिसेंबर 1241 मध्ये वारला, हे खरं. पण मंगोल 1285 मध्ये पुन्हा चालून आले, तेव्हाही हंगेरी टिकली; त्याचा उलगडा तेवढ्याने होत नाही.

मैदानात तर हंगेरीचा धुव्वाच उडाला. 11 एप्रिल 1241 ला मोहीजवळ राजा चौथा बेला याने छावणीभोवती गाड्या जखडून कोट केला. आत तंबू इतके खेटून, की घोडे त्यांच्या दोरांत अडकत. मंगोलांनी जवळच्या साजो नदीवरच्या पुलावर दगडफेकी यंत्रांचा मारा केला, तिकडे त्यांचा सेनापती सुबुताई खालच्या अंगाने नदी उतरला. वेढ्यात मुद्दाम एक फट ठेवली. तिथून पळणारे वाटेत कापले गेले.

त्या हिवाळ्यात डॅन्यूब नदी गोठली. बर्फ भार पेलेल का? मंगोलांनी काठावर गुरं-घोडी राखणीशिवाय सोडली. शत्रू गेला असं समजून पलीकडची माणसं आली आणि जनावरं बर्फावरून हाकत घेऊन गेली. परीक्षा झाली! (रोगेरियस हा मंगोलांच्या कैदेतून सुटलेला पाद्री हे सांगतो.)

एस्तरगोम शहरावर तीस यंत्रं लागली, खंदक बुजवला, लाकडी तट पडला. वरचा दगडी बालेकिल्ला मात्र सिमेऑन या स्पॅनिश सरदाराने धनुर्धारी घेऊन राखला. सेकेशफेहेरवार दलदलीने वाचलं, पानोनहाल्मा मठ दगडी भिंतींनी. म्हणजे टिकलं ते दगडाचं, उंचावरचं किंवा पाण्याने वेढलेलं. लाकूड-मातीच्या गढ्या बहुतेक गेल्याच.

बेलाने नेमकं हेच हेरलं. दगडी किल्ल्यांवरची राजाची मक्तेदारी त्याने सोडली; सरदारांना जमिनी दिल्या, त्या किल्ला बांधण्याच्या अटीवर. डॅन्यूबकाठच्या पेस्ट शहराची वस्ती नदीपलीकडच्या बुडाच्या टेकडीवर नेली. कुमान ही हंगेरीत आश्रयाला आलेली भटकी जमात; पेस्टमध्ये त्यांचा स्वतःचा खान मारला गेल्यावर लुटालूट करत निघून गेलेल्या या घोडेस्वारांना परत बोलावलं आणि युवराजासाठी त्यांच्यातलीच सून केली. आमच्या मते किल्ल्यांइतकंच हे मोलाचं, कारण हलक्या घोडदळाला तटावरून हुसकता येत नाही.

1285 मध्ये नोगाई आणि तलाबुगा हे मंगोल सरदार चालून आले. पेस्टपर्यंत जाळपोळ झाली, पण भक्कम ठाणी पडेनात, दाणावैरण मिळेना. परतीच्या वाटेवर कार्पेथियन डोंगरात तलाबुगाच्या फौजेची दैना उडाली.

किल्ल्यांची किंमत पुढच्या राजांनी मोजली, कारण किल्लेवाले सरदार डोईजड झाले. त्रेंचेन गडाचा सरदार माते चाक तर स्वतःलाच राजा समजे. तो गड राजा कारोय रोबर्टच्या हाती आला 1321 मध्ये, माते मेल्यावर.