वैरण एक, गव्हाण एक, मग लोणी वेगळं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दुधाच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेल्या माणसाला हा प्रश्न चुकत नाही. गोठा एक, मुरघास आणि पेंड एकच, दोन्ही गाईंची फॅटही जवळपास सारखी लागते. तरी एकीचं लोणी बोट लावताच दबतं आणि दुसरीचं टणक, हे कसं? विचारणाऱ्याने उत्तरही बहुतेक ठरवलेलंच असतं: पेंडीत भेसळ असणार.

आधी फॅट कशी काढतात ते बघा. गर्बरच्या नळीत १० मिली गंधकाम्ल, त्यावर १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल. नळी यंत्रात फिरवली की मानेत पिवळसर थर उभा राहतो. तो वाचायचा आणि ३.८ लिहून मोकळं व्हायचं. पण दुधात हा स्निग्धांश थर म्हणून नसतोच. त्याचे सूक्ष्म गोळे असतात, प्रत्येकावर कासेतल्या पेशीनेच चढवलेला पातळ पापुद्रा. आम्लाने तो फोडला की गोळे लहान होते की मोठे, हे त्या आकड्यात उरत नाही.

आणि फरक तिथेच असतो. गोळ्यांचा सरासरी व्यास चार मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या चार हजारांशांच्या आसपास. जर्सीचे होलस्टीनपेक्षा मोठे, म्हशीचे त्याहून मोठे. पण एकाच जातीच्या दोन गाईंतही सरासरी वेगवेगळी निघते. व्यास दुप्पट झाला तर गोळा वर येण्याचा वेग चौपट होतो, म्हणून एकीच्या दुधावर साय लवकर धरते. बारीक गोळे घुसळताना सहज फुटत नाहीत, त्यातले बरेच ताकात जातात. वेत पुढे सरकतं तसे गोळे लहान होत जातात, हेही आहेच.

लोणी मऊ की टणक हे मात्र गोळ्यात कोणती मेदाम्लं, म्हणजे स्निग्धांशाचे घटक, आहेत त्यावर जास्त ठरतं. काही कासेतच तयार होतात, काही चाऱ्यातून आणि अंगावरच्या चरबीतून रक्तावाटे येतात. नुकती व्यायलेली गाय अंगची चरबी मोडून दूध देते. त्यात ओलेइक आम्ल हे पातळ राहणारं मेदाम्ल जास्त, म्हणून लोणी मऊ. त्यामुळे पेंडीचं पोतं उघडण्याआधी मी दोघी कधी व्यायल्या ते विचारतो. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

उरलेलं वंशात असतं. डीजीएटी-१ नावाचं जनुक २००२ साली दुधाच्या फॅटशी जोडलं गेलं. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनात २३२व्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल असेल तर फॅट वाढते, दूध थोडं घटतं आणि पामिटिक आम्लाचा वाटा वाढून लोणी टणक होतं. त्याच जागी ॲलनिन हे दुसरं अमिनो आम्ल असेल तर उलट. देशी गाईंत बहुतांशी लायसिनचंच रूप सापडतं, होलस्टीनमध्ये दोन्ही. आता आपले संकरित गाईंचे गोठे बघा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या फुले त्रिवेणीत तर गीर, जर्सी आणि होलस्टीन, तिघींचं रक्त. अशा गोठ्यात शेजारी बांधलेल्या दोघींनी एकसारखं लोणी द्यावं हा हट्टच म्हणायचा.

पेंड अगदीच निर्दोष नाही. सरकी भरपूर घातली की लोणी-तूप कडक होतं. शासनाच्या तुपाच्या मानकांत कापूसपट्ट्यातल्या तुपाला कित्येक वर्षं वेगळी मोजपट्टी होती ती याचमुळे. पण सरकीने लोणी कडक व्हायचं तर दोघींचंही होणार.

डेअरीत हे कुणाला जाणवत नाही, कारण कॅनमध्ये गावभरच्या गाई एकत्र होतात. दरही ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) धरून निघतो. गोळे कसे आहेत त्याचा एक पैसा मिळत नाही. युरोपात दूधनोंदणीच्या नमुन्यावर अवरक्त किरण टाकून एकेका गाईच्या मेदाम्लांचा अंदाज काढतात. आपल्याकडे रेतनासाठी वळू निवडताना मुख्यतः दूध किती आणि फॅट किती हेच विचारलं जातं. घरच्या तुपाचा धंदा करणाऱ्याने तरी दोघींची साय महिनाभर वेगळी विरजावी आणि कोणत्या गाईची कालवड ठेवायची ते त्यावरून ठरवावं, असं माझं मत आहे.