वर काळी माती, खाली चुनखड

बदनापूर तालुक्यातल्या त्या मोसंबीच्या बागेचा माती अहवाल माझ्याच सहीने गेला होता. त्यातला एकही आकडा चुकीचा नव्हता. सामू (pH) 8.1, मुक्त चुना 6 टक्के. मोसंबीला 10 टक्क्यांपर्यंत चालतो, म्हणून शेरा 'फळबागेस योग्य'. चार वर्षांनी बघायला गेलो तर निम्मा तुकडा पिवळा पडलेला.

पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानांवर होता. शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी, काही पानं तर पांढुरकी. जुनी पानं हिरवीगार. नत्र कमी असेल तर जुनी पानं आधी पिवळी पडतात. इथे उलटं, म्हणजे कमतरता लोहाची. पण दुकानदाराच्या सांगण्यावरून बागेचे मालक, मामांनी, दोनदा युरिया टाकला, मग आळ्यात हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट हा लोहाचा क्षार. युरियाने पालवी वाढली आणि तीही पिवळीच आली. हिराकस चुनखडीत पडला की थोड्या दिवसांत त्याचा गंज होतो, मुळांच्या कामाचा राहत नाही. आपल्या काळ्या मातीत लोह भरपूर आहे, चुना ते विरघळू देत नाही. त्यात मोकाट पाणी दिलं की जमिनीतला कर्बवायू अडकतो, बायकार्बोनेट वाढतं आणि झाडं आणखी पिवळी पडतात.

झाडाच्या घेराजवळ तीन फूट खड्डा घेतला. वरचा फूटभर काळी माती. खाली रंग करडा होत गेला आणि ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे खडे दाटले. दहा टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाकले: वर बारीक बुडबुडे, दोन फुटांवर फसफसून फेस. प्रयोगशाळेत 0 ते 30 सेंमीला 7 टक्के, 30 ते 60 ला 14, 60 ते 90 ला 21.

पहिला नमुना कापसासाठी घेतात तसा घेतलेला, व्ही आकाराचा खड्डा, वीत-दीड वीत खोल. पिशवीवर 'मोसंबी' लिहिलं होतं. तरी खोली कुणी विचारली नाही, मीही नाही. फळबागेला एक-एक फुटाचे तीन थर वेगळे तपासायचे असतात, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. चिठ्ठीवर मात्र खोलीचा रकानाच नाही. रोपवाटिकेच्या पावतीवरही खुंटाचं, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर मोसंबीचं कलम बांधतात त्याचं, नाव नव्हतं. चुनखडीत रंगपूर लिंबाचा खुंट जंबेरीपेक्षा बरा टिकतो.

"गंधक टाकून चुना मारू का?" मामांनी विचारलं. हिशेब करून दाखवला. एक एकर, अर्धा फूट थर म्हणजे सुमारे 8 लाख किलो माती. वरच्या थराचा 7 टक्के चुना धरला तरी 56 टन. शंभर किलो चुना विरघळवायला 32 किलो गंधक, म्हणजे एकरी अठरा टन. चिलेट, म्हणजे चुन्यापासून जपून ठेवलेलं लोह, द्यायचं तर त्यातला ईडीटीए प्रकार सामू साडेसहाच्या वर टिकत नाही. ईडीडीएचए इथेही टिकतं, पण महाग.

नवतीवर, म्हणजे नव्या पालवीवर, फवारणी केली: 10 लिटर पाण्यात 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड आधी विरघळवून मग 50 ग्रॅम हिराकस. पाणी तांबूस झालं तर ते ओतून द्यायचं. आठ दिवसांनी पानांवर जिथे थेंब बसला होता, तिथेच हिरवे ठिपके. बाजूचं पान पिवळंच. पुढची नवती पुन्हा पिवळी येणार.

"मग उपटू का ठिवू, साहेब?"

उत्तर दिलं नाही. दर तिसऱ्या ओळीत खड्डा घेऊन, फेस किती खोलीवर येतो ते पाहत, चुन्याने सीमा आखायला लागलो.