गोष्ट कुणाच्या ताब्यात राहते?

स्थलांतरितांना नव्या समाजात रुळवण्यासाठी त्यांच्याकडून त्यांच्या कहाण्या सांगून घ्याव्यात, त्यांच्या चित्रफिती कराव्यात, असा प्रस्ताव अलीकडे वारंवार येतो. त्यामागचा हेतू चांगला असतो. परंतु निर्वासित म्हणून आलेल्या माणसाने आपली कहाणी तोपर्यंत अनेकदा, आणि तीही मोठ्या दडपणाखाली, सांगितलेली असते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. १९५१च्या निर्वासितविषयक करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाच कारणांपैकी एखाद्यामुळे छळाची सार्थ भीती असल्याचे दिसावे लागते. त्यामुळे आश्रयासाठीच्या मुलाखतीत माणूस स्वतःचे आयुष्य त्या चौकटीत बसवून मांडतो, आणि तारखांचा मेळ बसला नाही तर त्याच्या खरेपणावरच शंका घेतली जाते. अशा माणसाला पुन्हा एकदा ‘तुमची गोष्ट सांगा’ म्हणताना ही मागणी त्या मुलाखतीपेक्षा कशी वेगळी आहे, हे आयोजकांना सांगता आले पाहिजे.

डिजिटल कथाकथनाच्या, म्हणजे माणसाने आपली गोष्ट स्वतःच छोट्या चित्रफितीत मांडण्याच्या, मूळ पद्धतीत त्याचे बरेचसे उत्तर आहे, असे माझे मत आहे. १९९४मध्ये कॅलिफोर्नियात जो लॅम्बर्ट, डेना अ‍ॅचली आणि नीना मलेन यांनी ती आकाराला आणली. पुढे २००१पासून बीबीसीने वेल्समध्ये डॅनियल मेडोज यांच्या पुढाकाराने ‘कॅप्चर वेल्स’ हा उपक्रम चालवला, तोही याच वळणाचा होता. अडीचशे-तीनशे शब्दांची संहिता, मोजकी छायाचित्रे, दोन-तीन मिनिटांची चित्रफीत आणि सांगणाऱ्याचा स्वतःचा आवाज, एवढाच तिचा पसारा असतो. महत्त्वाचे हे, की संकलनही सांगणाराच करतो. कोणते छायाचित्र ठेवायचे, कोणते वाक्य गाळायचे, कुठे थांबायचे, हे तोच ठरवतो. मुलाखतीत प्रश्न दुसऱ्याचे असतात, येथे मौनसुद्धा त्याचे स्वतःचे असते. त्याने मायदेश सोडून येतानाच्या समुद्रप्रवासाबद्दल एक अक्षरही न काढता आपल्या शिवणकामाबद्दल किंवा फुटबॉलच्या वेडाबद्दल सांगायचे ठरवले, तर ते तितकेच स्वीकारले गेले पाहिजे. दुर्दैवाने अनेक आयोजकांना दुःखच हवे असते, कारण देणगीदारांपुढे ते चांगले दिसते.

याचा भाषेच्या अंगानेही लाभ होतो. तीच छोटी संहिता लिहायची, गटात वाचायची, खोडायची, ध्वनिमुद्रणासाठी पुन्हा पुन्हा मोठ्याने म्हणायची, यात नव्या भाषेचा जो सराव घडतो तो पाठ्यपुस्तकातील संवादांनी साधत नाही, कारण येथे नेमका शब्द शोधण्याची निकड सांगणाऱ्याची स्वतःची असते. ज्याला मातृभाषेतच बोलायचे असेल त्याने तसे बोलावे. उपशीर्षके त्यासाठीच असतात.

साधनांचे म्हणाल तर हातातला फोन बहुतेकदा पुरेसा असतो. जोखीमही त्याच फोनमध्ये असते. छायाचित्राच्या फाइलमध्ये ते कुठे टिपले याची नोंद असू शकते. चेहरा झाकला तरी आवाज ओळखू येतो. आणि मायदेशी राहिलेल्या नातेवाइकांना त्याची किंमत मोजावी लागू शकते. शिवाय फोन तपासला जाण्याचा अनुभव निर्वासितांपैकी काहींनी आधीच घेतलेला असतो. जर्मनीत ओळखपत्रे नसलेल्या आश्रयार्थींच्या फोनमधील माहिती तपासण्याची तरतूद २०१७मध्ये झाली. ही तपासणी सरसकट करणे बेकायदा असल्याचा निर्णय तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०२३मध्ये दिला. म्हणून पहिल्याच दिवशी संमतीच्या अर्जावर घेतलेली सही मला पुरेशी वाटत नाही. चित्रफीत पूर्ण झाल्यावर, ती स्वतः पाहिल्यावर संमती पुन्हा विचारावी, आणि एकदा इंटरनेटवर गेलेली चित्रफीत पूर्णपणे मागे घेता येईलच असे नाही, हेही स्पष्ट सांगावे.

माहिती पुरवणारी ॲप्स हा वेगळा विषय आहे. जानेवारी २०१६मध्ये जर्मनीत आलेले ‘आनकोमेन’ हे ॲप अरबी आणि फारसीसह पाच भाषांत होते, ते इंटरनेटशिवायही चालत असे, आणि त्यात भाषेचे धडे, आश्रयप्रक्रियेची माहिती व नोकरीविषयक मार्गदर्शन एकत्र दिले होते. अशा ॲप्सची गरज निर्विवाद आहे. मात्र शेजाऱ्याशी ओळख कोणतेही ॲप करून देत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४मध्ये मांडले होते की, दोन गटांतील पूर्वग्रह संपर्काने कमी होण्यासाठी त्या संपर्कात समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि संस्थांचा पाठिंबा असावा लागतो. एक सांगतो आणि बाकीचे सभागृहात बसून हळहळतात, या मांडणीत समान दर्जा कुठेच नसतो. म्हणून कथनवर्तुळात, म्हणजे एकमेकांना गोष्टी सांगणाऱ्या गटात, स्थानिक रहिवाशांनीही बसावे, त्यांनीही आपली अडीचशे शब्दांची संहिता लिहावी, चुकावे, आणि संकलनाचे सॉफ्टवेअर नीट हाताळता येत नसेल तर शेजारी बसलेल्या नवागताकडून शिकून घ्यावे. समावेशनाचे काम दोन्ही बाजूंना करायचे असेल, तर उघडे होण्याचा संकोचही दोन्ही बाजूंना वाटायला हवा.

अशा कार्यशाळेचे अंदाजपत्रक कुणी माझ्यासमोर ठेवले, तर मी कॅमेऱ्यांची रक्कम कमी करून ती दुभाष्यांच्या मानधनावर, मुलांना सांभाळण्याच्या सोयीवर आणि कार्यशाळा संपल्यानंतरच्या काही महिन्यांच्या संपर्कावर खर्च करायला सांगेन. चित्रफितीची मूळ प्रत सांगणाऱ्याकडेच राहावी. संस्थेला ती कुठे दाखवायची असेल, तर दर वेळी तिने त्याची परवानगी मागावी.