रेघ पडू नये म्हणून : आमची वाटचाल

साड्यांवर हाताने स्क्रीन प्रिंटिंग करायला गाळा घेतला १९९४ साली, डोंबिवली एमआयडीसीत. दोन साड्यांचं एक टेबल, बारा स्क्रीन, उधारीवर आणलेला पिगमेंट रंग आणि मास्तर. भांडवल म्हणाल तर मास्तरच.

मास्तर गिरणीच्या डिझाइन खात्यातले. १९८२च्या संपानंतर गिरणी उघडल्यासारखी झाली, पण ते खातं काही परत उघडलं नाही. शून्य नंबरच्या ब्रशवर हात बसलेला माणूस दुकानांच्या पाट्या रंगवत होता. माझे वडील त्याच गिरणीत प्रिंटिंगला होते, त्यांनी मला मास्तरांच्या दारात नेऊन उभं केलं. मास्तरांनी विचारलं, "पगार किती देणार?" मी म्हणालो, "जमेल तो." "मग चहा तरी वेळेवर दे." तो मी आजवर चुकवलेला नाही.

रिपीट म्हणजे तेच डिझाइन सांधा न दिसता कापडभर पुन्हा पुन्हा जोडणं. आता ते संगणक लावतो. मास्तर कागदाचे चार तुकडे करायचे, कडा मधे आणायचे, मधला भाग कडेला ढकलायचे आणि उघड्या पडलेल्या जागेत नवीन पान काढायचे. मग कोडाट्रेसवर, म्हणजे आरपार दिसणाऱ्या फिल्मवर, उतरवलेल्या चार प्रती जमिनीवर जोडून ठेवायच्या, स्वतः स्टुलावर चढायचं, डोळे अर्धे मिटायचे. दोन-तीन मिनिटं कुणी बोलायचं नाही. बहुतेक वेळा वरून एकच वाक्य यायचं, "रेघ पडतेय रे." हातात धरलं तर पानं-फुलं दिसतात, आणि आठ फुटांवरून पाहिलं तर रिकाम्या जागा एकामागे एक लागून तिरका पट्टा दिसतो. गिऱ्हाइकाला कळत नाही काय बिघडलंय, पण ते साडी परत घडी घालून ठेवतं. हा पट्टा मोडायला मास्तर कधी एक देठ अर्ध्या इंचाने वळवायचे, कधी अख्खं डिझाइन हाफ ड्रॉपला टाकायचे, म्हणजे शेजारची प्रत अर्धी खाली सरकवायचे.

चित्रकारांची गोडी त्यांनीच लावली. गिरणीत असताना ते मुंबईच्या वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये, हातमागासाठीच्या सरकारी केंद्रात, जाऊन बसायचे. तिथे नावाजलेले चित्रकार पगारावर कापडाची डिझाइनं करत. प्रभाकर बरवे आधी वाराणसीच्या केंद्रात होते, मग मुंबईच्या. त्याच खात्यातले भास्कर कुलकर्णी डहाणूकडच्या पाड्यांवर गेले आणि वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं काम बाहेरच्या जगाला कळलं. मशेंना पुढे २०११मध्ये पद्मश्री मिळाली. आज वारली चहाच्या कपावर, पायपुसण्यावर, सगळीकडे आहे. काढणाऱ्याला त्यातलं काय मिळतं ते विचारू नका.

आम्हीही एकदा तो मोह केला होता. मी वारली चित्रांतलं तारपा नाचाचं वर्तुळ रिपीटला लावायला दिलं. मास्तरांनी कागद तसाच परत केला. "नाच गोलात चाललाय. स्क्रीनच्या कडेला तू तो कापणार, मग हातात हात धरलेली माणसं जायची कुठे?" ऑर्डर सोडली. तेव्हा राग आला होता.

आमचं पहिलं नाव झालं ते एका रंगाच्या चादरींवर. कापडाचे डिझायनर रितेन मजुमदार शांतिनिकेतनात शिकले, फिनलंडला प्रिंटेक्स या कापड छापणाऱ्या कंपनीत काम करून आले, आणि फॅबइंडियासाठी त्यांनी जे छापलं त्यात मोठा ठसठशीत आकार आणि मोजका रंग एवढंच असायचं. त्यावरून आम्ही एवढंच उचललं की आठ स्क्रीनचं काम एका स्क्रीनवर होऊ शकतं, आकार धीट असेल तर. त्यांचा आकार नाही उचलला, धिटाई उचलली. या दोन्हींत फरक आहे, आणि तो न कळल्यामुळे आमचा धंदा २०१४ साली बुडता बुडता राहिला.

एका मोठ्या ब्रँडचं जॉब वर्क आलं, म्हणजे डिझाइन त्यांचं, छपाई आमची. नाव लिहीत नाही. तीन हजार मीटर कॉटन, रिअ‍ॅक्टिव्ह डाय (धाग्याशी पक्के बांधले जाणारे रंग), सात रंग. आर्टवर्क त्यांच्याकडून पेन ड्राइव्हवर आलेलं. मास्तरांनी पाहिलं आणि म्हणाले, "हे कापडासाठी काढलेलं नाही. हे भिंतीवरचं चित्र आहे, कुणीतरी कापून आणलंय." मी स्टीमरचं, म्हणजे वाफेवर रंग पक्का करायच्या यंत्राचं, कर्ज काढून बसलो होतो. म्हणालो, "मास्तर, आपल्याला काय करायचंय? आपण छापणारे." हे वाक्य मला अजून रात्री ऐकू येतं.

दोन हजार मीटर गेले आणि नोटीस आली. चित्र एका हयात चित्रकाराचं होतं. ब्रँडने वकिलामार्फत कळवलं की डिझाइन प्रिंटरच्या स्टुडिओतून आलं. म्हणजे आमच्या! लेखी काही नव्हतं, सगळं फोनवर. उरलेले हजार मीटर गाळ्यातच पडून राहिले, बिल चौदा महिने अडकलं आणि शेवटी निम्म्यावर तोडलं. दुसरं टेबल विकलं. दोन मुलं काम सोडून भिवंडीला गेली, त्यांना दोष देत नाही. मास्तरांनी पाच महिने पगार घेतला नाही. चित्रकाराला मी भेटून आलो, त्यांनी पाणी विचारलं आणि म्हणाले, "तुम्ही छान छापलंय हो." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मोठ्यांचंही होतं म्हणा. आदल्याच वर्षी फिनलंडच्या मारिमेक्को या कापडाच्या ब्रँडला कबूल करावं लागलं होतं की त्यांचं एक गाजलेलं प्रिंट युक्रेनच्या मारिया प्रिमाचेन्को यांच्या चित्रावरून घेतलेलं आहे. ते प्रिंट फिनएअर या तिथल्या विमान कंपनीच्या विमानावर होतं, विमान पुन्हा रंगवावं लागलं. पण त्यांच्याकडे विमान होतं, आमच्याकडे एक टेबल.

वाचवलं ठाण्याच्या बाईंनी. घरातून साड्या विकतात, १९९७पासूनचं गिऱ्हाईक. साडी हातात घेतली की आधी उलटी बाजू बघणार, मग पर्समधून ओला रुमाल काढून पदरावर घासणार. रुमालाला रंग लागला तर अख्खा लॉट परत. दया वगैरे काही नाही. त्यांनी चाळीस साड्यांचा पूर्ण आगाऊ चेक टेबलावर ठेवला आणि वर सांगितलं, "रंग सुटला तर पैसे परत घेईन."

२०१५ ते २०१८ ठीक गेली.

२०१९ साली मुंबईच्या एनजीएमएत, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, बरव्यांचं मोठं प्रदर्शन लागलं. मास्तरांना टॅक्सीने नेलं. पान, घड्याळ, शिंपला, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, मधे मोकळी जागा, आणि तरी काही घरंगळत नाही. मास्तर एका चित्रासमोर थांबले आणि सवयीने मागे सरकत डोळे अर्धे मिटले. "बघ, रेघ कुठेच पडत नाही."

परत आल्यावर आम्ही घड्याळ काढलं नाही, पान काढलं नाही. आमच्याच गाळ्यातल्या वस्तू घेतल्या: कात्री, चिमटा, स्क्वीजीची (स्क्रीनवरून रंग ओढायच्या रबरी पट्टीची) मूठ, कपबशी. मोकळ्या जागा कुठेही रांगेला लागू द्यायच्या नाहीत एवढाच नियम. अकरा वेळा कागद कापला. साडीचं नाव 'अंतर' ठेवलं. आजवर आमचं सर्वांत जास्त चाललेलं काम.

सहा महिन्यांत बाजारात नक्कल आली, डिजिटल छपाईवर, साडीचा फोटो काढून. करणारा माझ्याकडेच दोन वर्षं शिकून गेलेला, म्हणून जास्त लागलं. वकिलाकडे गेलो तर त्याने कायदा वाचून दाखवला: डिझाइन नोंदवण्यासारखं असून नोंदवलं नसेल आणि औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त प्रती निघाल्या, तर त्यावरचा कॉपीराइट संपतो. नोंदणी करायची तर माल बाजारात आणण्याआधी. चित्रकाराचं चित्र भिंतीवर होतं म्हणून त्याला संरक्षण मिळालं, आमचं कष्टाचं काम अंगावर होतं म्हणून नाही. न्याय म्हणा याला हवं तर.

तेव्हा नवीन मुलांनो, कुणी विचारलं नसलं तरी सांगतो. साडी प्रदर्शनात टांगण्याआधी नोंदणीचा अर्ज करा, दहा वर्षं मिळतात, पुढे पाच वाढतात. पेन ड्राइव्ह घेताना डिझाइन कुणाचं ते लिहून सही घ्या, गिऱ्हाईक सख्खा मेव्हणा असला तरी. आणि स्क्वीजीचं रबर दर आठवड्याला पॉलिश पेपरवर घासून धार सरळ करा. निम्म्या लोकांची कड गोल झालेली असते आणि दोष रंगाच्या पेस्टला देतात.

ती नक्कल पहिल्यांदा बाईंनीच आणून दाखवली, मुद्दाम विकत घेऊन. टेबलावर पसरली आणि मास्तरांना स्टुलावर चढायचीही गरज पडली नाही. साडीभर तिरका पट्टा, खांद्यापासून निऱ्यांपर्यंत. आमची साडी अठ्ठावीसशेला, ती नऊशेला. खपली ती जास्त, हेही लिहून ठेवतो.

मागच्या महिन्यात बाई आल्या तेव्हा विचारलं, "त्या साडीचं काय केलंत?"

"गोधडीला लावली," म्हणाल्या. "उलटी बाजू वर ठेवून."